असिकाएवढं

रात्री अडीचला चारशे सतरा नंबरची व्यायली.
दोन झाली. पहिलं धडपडत उभं राहिलं,
दुसरं ओल्या मोज्यासारखं पेंढ्यात पडून.
बाहेर एप्रिल, पण स्तेपला ते कुणी कळवलं नव्हतं;
दाराच्या फटीतून बर्फाची पूड आत येत होती.

ओशाकबाय म्हणाला, घड्याळ बघ.
नर की मादी, काळं की करडं, हे सगळं मागाहून.
आधी घड्याळ.
कारण कोकरू जगात येतं ते
शत्रूंची नावं न ऐकताच.
मेंढीची वार जाड, तिच्यातून
रक्तातली एकही ओळख पलीकडे जात नाही.
या गोठ्यातला खोकला, त्या कुरणावरची हगवण,
सात हिवाळे तिनं अंगावर काढलेलं सगळं
ती उतरवते कासेत, पिवळ्याधमक चिकात.
आणि कोकराच्या आतड्याचं दार उघडं असतं
एक दिवस. तेही तासातासानं लोटत जाणारं.
मिटल्यावर पाजलात
तर नुसतं पोट भरतं.

मी सडांवरची मेणाची बुचं काढली.
पहिली धार बोटांवर आली, बोटं एकमेकांना चिकटली.
निघालं ते एकापुरतंच.
दुसऱ्यासाठी फ्रीजर उघडला:
गेल्या आठवड्यात जिचं कोकरू मेलं तिचा चीक,
सोड्याच्या बाटलीत, वर खडूनं तारीख.
कोमट पाण्यात धर, ओशाकबाय म्हणाला,
चुलीवर ठेवशील तर खरवस होईल,
तो मला दे. कोकराच्या कामाचा नाही.

नळी, घसा, दोनशे मिली.
कान अजून गार होते.

पहाटे टेकडीवर गेलो. तिथं एक काडी रेंज येते.
अकमारल कारकारालीच्या दवाखान्यात,
मुलगी काल संध्याकाळची.
"काही येतच नाही रे," तिचा आवाज बसला होता,
"चमचाभर. तोही असला पिवळा.
शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणते,
साचलेलं आहे, पिळून टाकून दे."

मी विचारलं, "किती वाजता झाली ती?"
"मी मेंढी नाहीये!"

खरं होतं. सुईणीनं आम्हा दोघांना समजावलेलं
तिला तेव्हा आठवत नव्हतं, मला होतं:
माणसाच्या पोराला आईचं रक्त
पोटातच बरंच काही सांगून ठेवतं.
चीक मग आत जाऊन सारवण घालतो,
आतड्याच्या कोवळ्या भिंतींना,
थंडीआधी आपण मातीनं घर लिंपतो तसं,
कुठली फट उघडी राहू नये म्हणून.
एवढं सगळं मला बोलता आलं नाही. वारा होता.
म्हणालो, "असिक आठवतं?
मेंढीच्या घोट्याचं हाड, शाळेमागं खेळायचो ते?
आज तिचं पोट तेवढंच आहे.
असिकात बादली कोण ओततं?
चमचा पुरे. टाकू नको. परत लाव."

ती गप्प. मग नाक ओढल्याचा आवाज.
आमच्यात चांगल्या, टिकाऊ माणसाला म्हणतात,
याला उइझ पोटभर मिळालेला.
उइझ म्हणजे हाच, चीक.
आणि जो जरा वाऱ्यानं वाकतो
त्याच्याबद्दल याच्या उलटं, जरा हळू आवाजात.
"तुला मिळाला होता का?" तिनं विचारलं.
मला माहीत नाही.
विचारायला आता कुणी उरलेलं नाही.
तेवढ्यात रेंज गेली.

गोठ्यात उतरलो तर दुसरं कोकरू उभं,
चारी पाय चार दिशांना,
आणि चारशे सतरा त्याला हुंगून
डोक्यानं बाजूला सारत होती.
त्याच्या अंगाला परक्या बाटलीचा वास.
मी तिच्याच वारेचं पाणी त्याच्या पाठीला चोळलं,
दोघांना एका कोपऱ्यात कोंडलं.
ओशाकबाय बसल्या जागी घोरत होता.

दुपारी पाणी आणायला पुन्हा वर गेलो, वाट वाकडी करून.
फोन थरथरला.
"प्याली. मग उचकी लागली. झोपलीय."

मी घड्याळ बघितलं.
सवय.